आले सगळे

"चहाचं काय झालं?" आजोबांनी पुढच्या सीटवरून मान न वळवता विचारलं.

मागून उत्तर आलं नाही. गाडी चालवणाऱ्या बाबांनी तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला. टेबलाशी बसलेल्या मुलीनं कानातले इअरफोन काढले. ओट्याकडे पाहिलं, बाथरूमचं दार वाजवलं, वरच्या बिछान्यावर लोळणाऱ्या धाकट्या भावाला हलवलं. मग म्हणाली, "बाबा, आई गाडीत नाहीये."

हे चाकांवरचं घर त्यांनी सुट्टीत बारा दिवसांसाठी भाड्यानं घेतलं होतं. देश या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचा, असा बाबांचा बेत. झोपायची सोय, बाथरूम, दोन शेगड्यांचा ओटा, सगळं आत. "हॉटेल शोधायची कटकट नाही, रोज घरचं जेवण," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. घरचं जेवण कोण करणार, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. आज सहावा दिवस होता. बाकीच्यांनी डोंगर पाहिले, तळी पाहिली. आईनं जो काही देश पाहिला, तो ओट्यासमोरच्या वीतभर खिडकीतून.

"असं कसं होईल?" बाबा म्हणाले. "तिनंच तर सांगितलं, निघा म्हणून!"

ते खरं होतं. प्रत्येक थांब्यावर आई दाराशी उभी राहून एक, दोन, तीन, चार अशी डोकी मोजायची, "आले सगळे, निघा," म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. ते दारही एक नग होतं. धाड, धाड, धाड, तीनदा जोर लावल्याशिवाय लागायचं नाही. तो आवाज झाला की बाबा गाडी सुरू करत. मागे वळून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही.

मुलीनं आईला फोन लावला. फोन चमच्यांच्या खणात वाजला. आता मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं.

मघाशी थांबले होते तो पेट्रोल पंप पन्नास किलोमीटर मागे राहिला होता. गाडी वळवायला पुढे आणखी पंधरा किलोमीटर जावं लागलं. बाबांनी ते असे काही कापले की कपाटांची दारं उघडली आणि बटाटे गाडीभर धावू लागले. कपाटांना खिट्ट्या असतात आणि निघण्याआधी कोणीतरी त्या लावतं, हे मुलाला बटाटे गोळा करता करता कळलं.

"दार लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकला," आजोबा पुन्हा पुन्हा सांगत होते. "एकदाच झाला, पण झाला."

"मग काहीतरी विसरलं म्हणून परत उतरली असेल," बाबा म्हणाले. "मलाच निघायची घाई." ना फोन, ना पाकीट, आणि ओळखीचं चिटपाखरू नाही. दीड तास ती रस्त्याकडे डोळे लावून उभी असेल. रडत असेल. की कोणा भलत्याच गाडीत बसली असेल? हा विचार आल्यावर त्यांनी आजोबांकडे पाणी मागितलं आणि बाटली हातात आल्यावर प्यायला विसरले.

आई रडत नव्हती. पंपाला लागून असलेल्या उपाहारगृहाच्या पडवीत ती बसली होती. चपला काढलेल्या, पाय समोरच्या खुर्चीवर. टेबलावर दोन रिकामे कप, तिसरा हातात. उपाहारगृहाच्या मालकीणबाई शेजारी बसून कसलीशी गोष्ट रंगवून सांगत होत्या.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा धावत जाऊन तिला बिलगला आणि बारा वर्षांचा घोडा भोकाड पसरून रडला. मुलगी चिडली, मग तीही रडली. बाबा नुसतेच उभे राहिले. इतकं सुटल्यासारखं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"फार घाबरली असशील गं," आजोबा म्हणाले.

"नाही हो," आई म्हणाली. "छान बसले होते."

तिचा आवाजही हलका झाला होता. पोरांना पाहून हायसं वाटलं असणार, असं बाबांना वाटलं. मालकीणबाईंनी चहाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला.

परत निघताना आजोबा स्वतःहून मागे गेले. "पुढे तू बस. जरा रस्ता बघ." मुलानं कपाटांच्या खिट्ट्या लावल्या. मुलगी दाराशी उभी राहिली आणि बोट दाखवत मोजू लागली. आजोबा एक, भाऊ दोन, बाबा तीन, आई चार. मग अडखळली, स्वतःच्या छातीवर बोट टेकवून पाच म्हणाली. "आईचे रोज चारच कसे व्हायचे मग?" तिनं विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही. तिनं आतून दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा पाय रोवून ओढलं तेव्हा कुठे लागलं.

धाड, धाड, धाड.

बाबांचा किल्लीवरचा हात तिथेच थांबला. त्यांनी शेजारी पाहिलं. आई पट्टा लावून, भल्यामोठ्या काचेतून समोरचा रस्ता बघत होती.

"मघाशी आवाज एकदाच झाला होता," ते हळूच म्हणाले.

"बाहेरून लोटलं की एकदाच होतो," आई म्हणाली.