चुकलेलं माप

खाऱ्या वाऱ्याने फुगून कायमची बंद पडलेली खिडकी कारागिराने काल काढली, आणि समोरच्या देवळातलं कीर्तन थेट आईच्या खाटेपाशी आलं. पाय मोडल्यापासून तिला देवळात जाता आलं नव्हतं. बुवांच्या चिपळ्या ऐकून ती रडलीच.

आज मी सांगितलेली न उघडणारी काच आली. "आता खारं वारं नाही, आवाज नाही," कारागीर म्हणाला.

"माप चुकलंय," आई घाईघाईने म्हणाली.

"टेप लावून दाखवू का, आजी?"

"अरे, बुवांनी काल सुदाम्याला द्वारकेच्या दारात उभा ठेवलाय. देवाची भेट आज व्हायचीय. ती मी ऐकू कशी?"

कारागीर माझ्याकडे बघू लागला.

"सरकती खिडकी आणा," मी म्हटलं. "आज हे उघडंच राहू दे. आई म्हणते ते खरंय, माप माझंच चुकलं."