मनगटावरचे ठिपके

"ही रक्तातून पसरणारी कावीळ आहे, मावशी. बरीच जुनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोंदताना एकच सुई सगळ्यांना वापरायचात?"

हौसाबाई दुखावली. जत्रेत लोकांना गोंदून देत तिला चाळीस वर्षं झाली होती. "बोथट सुई कुणाला लावली न्हाई, बाई. शाईत बुडवून दर खेपेला आधी माझ्याच मनगटावर टोचायची. मला दुखलं न्हाई, तरच पदराला पुसून गिऱ्हाइकाला लावायची. आईनं शिकवलंय तसं."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे तुमचं रक्त लागलेली सुई... प्रत्येकाला?"

ते उमगायला तिला जरा वेळ लागला. मग डोळ्यांपुढून हात सरकू लागले. हिरव्या चुड्यांचे, मेंदीचे, रडणाऱ्या पोरींचे आयांनी घट्ट धरलेले इवले इवले हात.

"किती जणांना गोंदलंत? सगळ्यांना शोधून तपासायला हवं."

बांगड्या मागं सारून तिनं मनगट पुढं केलं. माणसागणिक एक ठिपका. ठिपक्यात ठिपके मिसळून तिथलं कातडं कधीच हिरवंगार झालं होतं. कडेला तेवढा एक सुटा उरला होता.

त्यावर बोट ठेवून ती पुटपुटली, "ह्यो पयला. माझ्या लेकीचा."