पन्नास किलो

फिजिओथेरपिस्टला आपलं भाषण तोंडपाठ होतं. बाहेरच्या बाकावर पेशंट दाटीवाटीने बसलेले असले की ते आणखीच भराभर बाहेर पडायचं. समोरच्या बाईंच्या कमरेवर बोटं दाबत तो म्हणाला, "चालत-फिरत राहायचं, ताई. शरीर नुसतं पडून राहिलं की सडतं. जड काही उचलता का?"

"पन्नास किलो. दिवसातून दहा-बारा वेळा."

कुठल्यातरी गोदामात पोती उचलत असणार, असं त्याने मनाशी धरलं. "सहा आठवडे अजिबात हात लावायचा नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

"दुसरं कोणी नाही हो."

"मग राहू दे तसंच पडलेलं! कंबर गेली तर कोण विचारणार आहे तुम्हाला?"

सहा आठवड्यांनी बाई आल्या त्या ताठ चालत. वाकून त्यांनी पायाच्या अंगठ्याला हात लावून दाखवला. तो बेहद्द खूश झाला. सांगितलेलं इतकं ऐकणारे पेशंट भेटतात कुठे?

"शाबास! मग पोती उचलायला मिळालं का कोणी?"

"कसली पोती? आई होती माझी. अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी मी तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचे."

त्याचं पेन थांबलं.

"शेजारीच बसून असायचे मी. पण तुम्ही सांगितलं म्हणून हात लावला नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं खरं होतं, डॉक्टर. पडून राहिली आणि सडली."