पहिला नळ

नगरपंचायतीची करवसुली करणारी वर्षाराणी थकबाकीदारांचे नळ तोडायला निघाली आणि आधी माहेरच्या दारात उभी राहिली. यादीत वडिलांचं, उकंडरावांचं, नाव होतं. तिच्या हातातला पाना पाहूनही ते ओट्यावरून उठले नाहीत. “आठ दिवसांनी पाणी येते. कर कायले भरू?” “कर भरला तरच नव्या टाकीले सरकारचं अनुदान भेटते, बाबा.” “मंग पयले पेठेतल्या मोठ्या लोकायचे नळ तोड.” “काल गेली होती तिकडं. पयले तुमच्या बापाचा तोडा म्हणे.” उकंडराव ओट्यावरून उठले. मग खाली उतरून त्यांनी नळाच्या खड्ड्यावरची फरशी स्वतःच बाजूला सारली. वर्षाराणीनं नळ सोडवला आणि पाइपाचं तोंड बुचानं बंद केलं. “आता जा पेठेत,” ते म्हणाले. आईनं शेजारून मागून आणलेल्या पाण्याचा चहा केला. तो उभ्यानंच पिऊन वर्षाराणी निघाली.