बाबांनी साफ केलेलं अंगण

स्वानंदीने गाडी ड्राइव्हवेत घातली आणि इंजिन बंद करायचं विसरून ती समोर बघत राहिली. घरापुढची बाग नव्हती. होती ती उकरलेली काळी माती आणि कडेला उपटलेल्या रोपांचा ढीग. ढिगाशेजारी तिचे सासरे, गुरुनाथराव, हातात फावडं घेऊन उभे होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ते चक्क हसत होते.

"सगळं साफ केलं बघ," ते म्हणाले. "रुईसारखं काय काय माजलं होतं. तू दमून येतेस, तुला कुठे वेळ मिळणार?"

हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजले होते. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या घरापुढे कापलेलं हिरवं लॉन. तिने आपलं लॉन काही वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं आणि इथे घरं यायच्या आधी जे उगवायचं तेच लावलं होतं. रुईच्या कुळातलं मिल्कवीड, जांभळी कोनफ्लॉवर, कमरेएवढी वाढणारी गवतं. पहिल्या उन्हाळ्यात वर काही दिसलंच नाही, ही झाडं आधी मुळं धरतात. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. तिने दारोदार जाऊन समजावलं. मागच्या उन्हाळ्यात मात्र मोनार्क फुलपाखरं आली आणि तक्रार करणारी बाईच तिच्याकडे बिया मागायला आली.

"छान केलंत, बाबा," स्वानंदी म्हणाली. सवयीने तोंडातून गेलं. ती आत गेली.

सासूबाई गेल्यावर तिच्या नवऱ्याने, यशोधनने, अकोल्याचं घर बंद करून वडिलांना इकडे आणलं होतं. भर हिवाळ्यात. तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. घरात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. ते गॅस बंद करायला विसरले, तरी "असू द्या, बाबा." गोळी घेतली नाही, तरी "असू द्या, बाबा." आपल्याच त्या आवाजाचा स्वानंदीला कंटाळा आला होता.

यशोधन किचनमध्येच उभा होता. चेहरा पडलेला.

"अगं, मी खाली कॉलवर होतो. वर येऊन बघतो तर सगळं झालेलं. प्लीज, त्यांना काही बोलू नकोस यार. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून बाहेर पडलेत. आपण नवीन रोपं ऑर्डर करू."

तिने मान हलवली. भांडायला अंगात त्राण नव्हतं. कचऱ्याच्या कागदी पिशव्या घेऊन ती पुन्हा बाहेर आली आणि ढीग भरायला वाकली.

मिल्कवीडच्या एका मलूल पानावर मोनार्कची अळी होती. काळी, पिवळी, पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची. पान खायला तोंड हलवत होती. शेजारच्या पानावर आणखी एक. मिल्कवीडशिवाय त्या दुसरं काही खात नाहीत. आणि ही पानं सकाळपर्यंत वाळणार होती. स्वानंदी तिथेच मातीत बसली. रडावंसं वाटलं, पण रडूही येईना.

गुरुनाथराव तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आले.

"राहू दे गं. पिशव्या मी भरतो."

"बाबा, ते तण नव्हतं!" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मी लावलं होतं ते. एकेक रोप, माझ्या हाताने. एक फोन करायला काय झालं होतं? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारावं, एवढंही कळू नये?"

"स्वानंदी!" यशोधन दारात धावत आला.

 आता बाबा आत जातील, त्या खुर्चीत बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत, असं तिच्या मनात आलं. तरी बोललेलं मागे घ्यायचीही तिच्यात ताकद नव्हती.

त्यांनी ग्लास पायरीवर ठेवला. गुडघ्यावर हात टेकत ते ढिगापाशी खाली बसले. अळीकडे बराच वेळ बघत राहिले.

"आपल्याकडे रुईवर असतात, तशाच आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी एक रोप उचलून मुळं चाचपली. "ओल आहे अजून. लावू या परत. पण तुझं कुठलं आणि तण कुठलं, ते मला दाखव."

जूनचा दिवस लवकर मावळत नव्हता. ती जागा दाखवत गेली, ते खड्डे करत गेले. यशोधनने पाण्याचा पाइप ओढत आणला. कित्येक मुळं तुटली होती. यातली बरीच जगणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. उभ्या राहिलेल्या रोपांवर तिने एकेक अळी अलगद सोडली.

"वाकडं लावलंत ते," ती मध्येच म्हणाली. त्यांनी मुकाट्याने उपटून सरळ लावलं.

"पाणी मुळाशी घाला, बाबा. पानांवर नको."

"बरं."

"बाबा, तुम्ही दमलात. आत चला आता," यशोधन हळू आवाजात म्हणाला.

"थांब रे, काम पुरं होऊ दे."

शेवटचं रोप मातीत बसलं तेव्हा सावल्या रस्त्यापलीकडे गेल्या होत्या. स्वानंदीचा राग कधीच ओसरला होता. उरला होता तो नुसता थकवा आणि थोडी लाज.

"बाबा, मघाशी मी फारच बोलले. सॉरी."

गुरुनाथराव रोपाभोवतीची माती तळव्याने दाबत होते. त्यांनी वर बघितलं. डोळे भरलेले होते, पण चेहरा कधी नव्हे इतका शांत होता.

"सॉरी नको म्हणूस गं," ते म्हणाले. "ही गेल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं."