अक्कलकोट रोडचा सरळ मैल

सिद्धप्पानं गाडीचा टप काढला. मडगार्डं काढली, मागची सीट काढली, स्टेपनी काढली. शेवटी पायातल्या वहाणाही काढून बाभळीखाली ठेवल्या. अक्कलकोट रोड इथून पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत दोरी लावल्यासारखा सरळ होता. शेजारी शेठजींची नवीकोरी मोटार गुरगुरत उभी. तिच्यात बसलेला तिप्पण्णा दात काढत होता.

"सिद्धप्पा, गाडी आणलीस का गाडीचा सांगाडा?"

"पळणारं जनावर हाडकुळंच असतंय, तिप्पण्णा."

वकीलसाहेबांनी घरातून निघतानाच सांगून टाकलं होतं, आज ही फोर्ड हरली तर उद्या मोडीत. अकरा वर्षं सिद्धप्पानं तिचा एकेक नट स्वतःच्या हातानं आवळला होता. आठवडाभर पहाटे याच रस्त्यावर तो तिला पळवत होता. एकटा असला की ती कशी उडते, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात वकीलसाहेब धोतराचा सोगा सावरत आले. फुटबोर्डावर पाय ठेवला तशी गाडी एका अंगाला कलली. वजन तीन मणाच्या वरच.

"मालक, तुमी बी बसताय?"

"म्हणजे? गाडी माझी, शर्यत माझी. शेठसारखा रुमाल घेऊन बाभळीखाली उभा राहू काय?"

सिद्धप्पाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ज्याचं मीठ खायचं त्याला 'उतरा' म्हणायचं कसं? "व्हय मालक," म्हणत तो सरकला.

शेठजींनी रुमाल टाकला. अर्ध्या मैलापर्यंत दोन्ही गाड्या जोडीनं गेल्या. मग नवी गाडी हातभर पुढं सरकली, मग गाडीभर. वकीलसाहेबांचं पागोटं उडालं. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "चल की! चल की गं!" ते फोर्डलाच ओरडत होते.

हरले.

तिप्पण्णा हॉर्न वाजवत माघारी फिरला, शेठजींना घेऊन गावाकडं गेला. धुरळा खाली बसला. सिद्धप्पा स्टिअरिंगवर कपाळ टेकून होता.

"मी नसतो तर?" वकीलसाहेबांनी विचारलं.

सिद्धप्पानं कपाळ उचलून वकीलसाहेबांच्या बाजूला कललेल्या फुटबोर्डाकडं बघितलं.

वकीलसाहेब खाली उतरले. गाडी चार बोटं वर उचलली गेली. ते बघतच राहिले.

"माघारी जा," ते म्हणाले. "त्या बाभळीपासनं एकटा ये."

"आता कशाला, मालक? बघायला कोन हाय हितं?"

"मी आहे की."

आणि बोडक्या डोक्यानं ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. खिशातलं घड्याळ काढून, चालू आहे ना, म्हणून त्यांनी कानाला लावलं.