मुदत संपलेली पिशवी

"मॅडम, या रक्ताची मुदत कालच संपली. टाकून देऊ?" फ्रीजमधली पिशवी दाखवत रुबिनाने विचारलं.

"राहू दे. तू जेवून ये."

विभावरीच्या प्रयोगशाळेत मलेरियाचे परजीवी वाढवत. त्यांना जगायला माणसाच्या ताज्या तांबड्या पेशी लागत, म्हणून तिचा नवरा नेमाने रक्त द्यायचा. "तुझ्या पोरांचा खाऊ आणलाय," म्हणत बाही वर करायचा. ही पिशवी दिली आणि पंधरवड्याने तो हृदयविकाराने गेला.

रुबिना जेवायला गेल्यावर विभावरीने पिशवीतला थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधू लागली.

एकही नव्हता. एवढ्या वर्षांत तिने त्याचं नुसतं रक्त कधी पाहिलंच नव्हतं.

रुबिना जेवून परतली, तरी विभावरीने मान वर केली नाही.